तळ्यामागच्या दफनभूमीचा रस्ता

११ फेब्रुवारी २००६, शनिवार
संदीपला ऑफिस. इराला मागे बसवलं नि निघाले. लायसन्स मिळाल्यापासून हेच वेड. ह्यूस्टनच्या दक्षिणेकडची जुनी ऊसमळ्यांची गावं बघितली. गावं कसली, आता सगळी आपल्या वस्तीसारखीच. सारखी छपरं, तळी, घसरगुंड्या. उसाचं कांडकंही नाही.
परत येताना आपल्याच वस्तीतल्या शेवटच्या तळ्यामागे, पिकॅनच्या, म्हणजे इकडच्या अक्रोडासारख्या झाडांखाली, बुटके वाकडे दगड दिसले. दफनभूमी! वर्षभर राहतोय इथे. कुणी बोललं नाही.

१८ फेब्रु., शनि.
वस्तीच्या गेटवर माझ्यापुढे एक जुनी गाडी अडलेली. आत कृष्णवर्णीय आजी, डोक्यावर जांभळी हॅट.
गार्ड : "कुणाकडे जायचंय?"
"माझ्या आईकडे."
"घर नंबर?"
आजी हसल्या. मी खाली उतरून म्हटलं, "माझ्या पाहुण्या आहेत." सोडलं.
मिस लोरेटा. इकडे सगळे असंच म्हणतात, मीही तेच म्हणते. आपली वस्ती आहे तिथे पूर्वी ऊसमळा होता, त्यांचे पणजोबा त्यात गुलाम होते. तेव्हापासूनची सगळी माणसं त्या झाडांखाली. गेट गेल्या वर्षी बसलं, तेव्हापासून दर वेळी ही हुज्जत. भाऊ ओटिस हॉस्पिटलमध्ये आहे. त्याला आईशेजारीच जागा हवीय.

२ मार्च, गुरु.
ओटिस गेले. सोसायटीच्या कमिटीने अंत्यविधीला नाही म्हटलं. रहिवाशांची प्रायव्हसी म्हणे. मिस लो. फोनवर रडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "तो थांबलाय, बेबी."
रात्री जेवताना सं.ला सांगितलं, मंगळवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी बोलणार.
"यार, ग्रीन कार्ड व्हायचंय अजून. कशाला सगळ्यांच्या डोळ्यांवर यायचं?"
"तुझे बाबा असे अडकले असते तर?"
ताट घेऊन उठला.

७ मार्च, मंगळ.
सकाळी लायब्ररीत. तिथल्या बाईंनी शोधून दिलं : टेक्ससमध्ये दफनभूमीला जाणाऱ्याला वाट द्यावीच लागते. कायदाच आहे! नाचावंसं वाटलं.
संध्याकाळी क्लबहाउस भरलेलं. मिस लो. पहिल्या रांगेत, हॅट तीच. मी उभी राहिले आणि इंग्रजी पार गेलं. मागे दार वाजलं. सं. आला होता, ऑफिसची बॅग खांद्यावर, इरा कडेवर. मागेच उभा राहिला.
मग सुटलेच. कायदा सांगितला. म्हटलं, आपण इथे येऊन वर्ष झालं, फार तर दोन. ह्यांची माणसं आधीपासून इथे आहेत. मी त्यांना गेटवर माझ्या पाहुण्या म्हटलं, ते चुकलं. पाहुणे आपण आहोत.
एक गृहस्थ म्हणाले, उद्या इथे गर्दी होईल. कोपऱ्यातली एक बाई म्हणाली, "होऊ दे की."
अध्यक्षांनी हात वर करायला सांगितलं. सं.चा सगळ्यात आधी! विरोधात तुरळक. पास!! अंत्यविधीला परवानगी, आणि घरच्यांना गेट कायम उघडं.
गाडीत सं. म्हणाला, "काय बोललीस गं." बस, एवढंच. पुरलं.

११ मार्च, शनि.
ओटिस आईशेजारी. गाड्यांची रांग गेटपासून तळ्यापर्यंत. गार्ड टोपी काढून उभा. सायकलवरची पोरं पाय टेकून थांबली. काही घरांचे पडदे बंद राहिले. राहू देत. पण बरेच जण बाहेर आले, त्या कोपऱ्यातल्या बाई फुलं घेऊन. शेवटी सगळ्यांनी गायलं. शोकगीत वाटलंच नाही. वस्तीभर गेला असेल आवाज.
मी शिरा नेला होता. मिस लो.नी दोनदा घेतला, डबाही ठेवून घेतला. मग मला सगळे दगड दाखवत फिरवलं : ही मावशी, हा तिचा धाकटा, ही आई. ओळख करून देतात तसं.
इराने विचारलं, "Aai, are they our neighbors?"
हो म्हटलं.

१९ मार्च, रवि.
मिस लो.चा फोन. त्यांच्या नवऱ्याकडची माणसं नदीपलीकडच्या मळ्यात पुरलेली. तिथेही नवीन घरं होतायत, बुलडोझर येऊन उभे आहेत. दगड नेमके कुठे, सांगणारं आता कुणी नाही.
"तू ड्राइव्ह करशील?"
सं. ऐकत होता. चपला घालून पेट्रोल भरायला गेलासुद्धा.
उद्या सकाळी निघतोय, इराला शाळेत सोडून. सापडेल का काही, कोण जाणे. मिस लो. म्हणतात, पिकॅनची झाडं शोधायची, आपली माणसं त्यांच्याच खाली असतात.