लेन्सवर काच, काचेवर काच

३ फेब्रुवारी, सकाळी ९
लेन्स आली. सहा वर्षं मनात होती. खोका उघडण्याआधी हात धुतले, पंखा बंद केला, हिला केर काढणं थांबवायला सांगितलं. लेन्समधून एकदा बघायच्याही आधी तोंडाशी यूव्ही फिल्टर बसवला. कॅमेऱ्याच्या दुकानातली मुलगी म्हणत होती, डिजिटल कॅमेऱ्याला यूव्ही फिल्टरची गरज नसते, ती नुसती एक जादा काच. विकणारेच असं बोलायला लागले तर धंदा झालाच. मला यूव्हीशी काय करायचंय? मला काचच हवी आहे. ओरखडा पडायचाच तर तो काचेवर पडू दे, लेन्सवर नको.
कपबशांच्या कारखान्यात तीस वर्षं डिस्पॅचला आहे. माझ्या हाताखालून गेलेली एकही बशी फुटून परत आलेली नाही. पॅकिंगचं मला कुणी शिकवू नये.
संकल्प: फिल्टर कधीही काढायचा नाही.

४ फेब्रुवारी
फिल्टर चांगल्या कंपनीचा आहे. त्याच्यावरच ओरखडा पडला तर? दुपारी जाऊन एक साधा फिल्टर आणला आणि पहिल्यावर बसवला. आता लेन्सला पहिला सांभाळतो आणि पहिल्याला दुसरा. रबरी हातमोजे घालून दोन्ही करकचून आवळले. ही म्हणाली, आता त्यावर झाकण घाला आणि कपाटात ठेवून द्या. लेन्सकॅपला ही झाकण म्हणते. सव्वीस वर्षांचा संसार.

७ फेब्रुवारी, संध्याकाळी
लेक आपणहून माझ्या खोलीत आली. तीन वर्षांत पहिल्यांदा. दारातच उभी राहिली. तिला परगावच्या नाट्यशाळेत जायचंय. अर्जासोबत रंगमंचावरचे तीन फोटो लागतात, चेहरा स्पष्ट दिसायला हवा. फोटो बघूनच पुढे बोलावतात. २४ तारखेला तिच्या नाटकाचा प्रयोग, तोही एकच. २६ तारखेपर्यंत अर्ज. तुम्ही फोटो काढाल का, म्हणून विचारलं.
पूर्वी मला अरेतुरे करायची. हल्ली अहो-जाहो करते. वयाबरोबर समज येते.
तीन वर्षांपूर्वीही हीच शाळा डोक्यात होती. मी म्हटलं, आधी कॉमर्सची डिग्री घे, मग काय ती नाटकं कर. महत्त्वाच्या गोष्टीवर नेहमी एक संरक्षण असावं. आठ महिने जेवताना बोलली नाही. पण डिग्री घेतली, आणि आज बघा, कुणाच्या दारात आली ती.
माझ्या खोलीतून गेली आणि लगेच गॅलरीत जाऊन कुणाला तरी फोन लावला. मैत्रिणीला सांगत असणार. पोरीचा आनंद पोटात मावत नाही.

९ फेब्रुवारी
सराव सुरू. नाटकात लेक म्हातारी होते आणि अंधारात एका टेबल-लॅम्पशेजारी बसून राहते. हिला जेवणाच्या टेबलाशी बसवलं, लॅम्प लावला, चाळीस फोटो काढले. प्रत्येकात हिच्या चेहऱ्यावर एक हिरवा ठिपका. बल्ब खराब दिसतो. हल्ली काही धड मिळत नाही.

१० फेब्रुवारी
नवा बल्ब. ठिपका तिथेच. मागे हिरवा पडदा आहे, त्याचाच रंग उतरत असणार. पडदा काढला.

११ फेब्रुवारी
पडदा नाही, ठिपका आहे. समोरच्या घरातून सगळं दिसतं म्हणून ही वैतागली आहे. कलेसाठी घरच्यांनीही थोडी झीज सोसायला हवी.

१३ फेब्रुवारी
कॅमेरा दुरुस्तीवाल्या आजोबांकडे गेलो. कॅमेऱ्यातला दोष असणार, अशी माझी खात्री होती. त्यांनी भिंग डोळ्याला लावून एकच फोटो पाहिला. म्हणाले, दिव्याचा उजेड आत जाऊन परत फिरतो आणि फिल्टरच्या सपाट काचेवर आपटून पुन्हा आत येतो. दिवा फोटोच्या ज्या बाजूला, ठिपका मध्यापासून बरोब्बर उलट बाजूला. फिल्टर काढा, ठिपका जाईल. अंधारात दिवा असला की फिल्टर नको.
मग फिल्टर काढायला गेले तर दोन्ही एकमेकांत अडकलेले. जागचे हलेनात. कुणी आवळले असे, म्हणून विचारलं. लेन्स दोन दिवस ठेवून जा, पकड लावून सावकाश काढतो, म्हणाले. माझी लेन्स परक्या घरी दोन दिवस ठेवायची? परत घेऊन आलो. त्यांच्या दुकानात फिल्टर विकायला नाहीत, म्हणून फिल्टरवर एवढा राग.

१६ फेब्रुवारी
गरम फडकं लावून पाहिलं. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून पाहिलं. निघत नाही. ही म्हणाली, इकडे द्या, मी बरण्यांची झाकणं रबरबँड लावून काढते तसं काढते. दिली नाही. लेन्स म्हणजे काही बरणी नव्हे. आणि निघाला असता तर जन्मभर ऐकवलं असतं.
शांतपणे विचार केल्यावर पटलं: निघत नाही हेच बरं. वाटेल तेव्हा काढता येतं ते कसलं संरक्षण? ठिपक्याचं काय, प्रयोगाचे दिवे वेगळे असतात.

१८ फेब्रुवारी
मेहुणा जेवायला आला होता. फोनच्या काचेला तडा, कव्हर नाही, चाव्या असतात त्याच खिशात फोन. त्याला स्पष्ट सांगितलं, प्रयोगात फोन बाहेर काढायचा नाही, मला उजेडाचा त्रास होतो. त्यानं लेकीकडे पाहिलं. लेकीनं ताटाकडे पाहिलं. बरं भावोजी, म्हणाला. माझ्या तांत्रिक अधिकाराचा वचक आहे.

२४ फेब्रुवारी, प्रयोगाहून आल्यावर
दोनशे बारा फोटो. पहिल्या रांगेत कडेची खुर्ची मिळवली होती. फ्रेम नेहमीप्रमाणे माझ्या पद्धतीची: डावीकडे वर दिवा, उजवीकडे खाली चेहरा, मध्यापासून दोघांचं अंतर सारखं. वीस वर्षं मी अशीच फ्रेम लावतो. तोल सांभाळला जातो. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर तरी सगळं झकास दिसत होतं.
शेवटी शेजारच्या बाई पदर डोळ्याला लावून रडत होत्या. मागेही कुणी नाक ओढत होतं. स्टेजवर नेमकं काय झालं ते कळलं नाही, मी फोकस बघत होतो. घरी येताना लेकीनं विचारलं, कसं वाटलं? म्हटलं, दोनशे बारा. ती खिडकीबाहेर बघत बसली. दमली असणार.

२५ फेब्रुवारी, रविवार
कॉम्प्युटरवर फोटो पाहिले.
हिरवा ठिपका. प्रत्येक फोटोत, बरोब्बर तिच्या चेहऱ्यावर. दिवा मध्यापासून जेवढा तिकडे, ठिपका तेवढाच इकडे, आणि तिथेच मी चेहरा ठेवला होता. दोनशे बारा वेळा. चारही कोपरे काळे झालेत, ते दुसऱ्या फिल्टरच्या कडेमुळे असणार.
दिवसभर बसून तीन फोटोंतलं हिरवं पुसलं. एकातलं नाकही पुसलं गेलं. संध्याकाळी तिला म्हटलं, उद्या देतो, थोडं फिनिशिंग राहिलंय. ती म्हणाली, सावकाश करा बाबा, घाई नाही. उद्या शेवटची तारीख आणि पोरगी एवढी शांत. हा संयम माझ्याकडून आला आहे.

२६ फेब्रुवारी, दुपारी ४
फोटो दिले. तिनं पेनड्राइव्ह घेतला, थँक्यू म्हणाली आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. कॉम्प्युटर बंदच होता. फोनवरून पाठवणार असेल.

६ मार्च
नाट्यशाळेचं बोलावणं आलं! महिनाभराचं शिबिर, त्यातून निवड. डिस्पॅचमध्ये सगळ्यांना सांगितलं की निवड फोटोंवरून होते. फोटो कुणी काढले ते त्यांनी विचारलं नाही, तेही सांगितलं. बघा, फिल्टर असूनही. फिल्टर होता म्हणूनच, असंही म्हणता येईल. हेड पॅकर म्हणाला, उद्या दाखवा की मग.

७ मार्च
डिस्पॅचला दाखवायला म्हणून लेकीकडे अर्ज मागितला. तिनं जरा वेळ लावला, मग फोन माझ्या हातात दिला.
फोटो माझे नाहीत. तिसऱ्या रांगेतून काढलेले, एक तर चक्क तिरका. पण चेहरा आहे. लॅम्पच्या उजेडात एक म्हातारी बसली आहे, वाट बघून बघून थकलेली, आणि ती माझी मुलगी आहे हे मला क्षणभर ओळखू आलं नाही. इतकं चांगलं काम करते हे मला माहीत नव्हतं. पहिल्या रांगेत बसून माहीत नव्हतं.
मेहुण्याच्या त्या तडा गेलेल्या फोनचे फोटो. २५ तारखेला सकाळीच पाठवले होते. मी नाक पुसत होतो तेव्हा.
मी विचारलं, त्याला केव्हा सांगितलंस? ज्या दिवशी मला विचारलं, त्याच दिवशी. खोलीतून बाहेर पडून लगेच फोन केला होता. म्हटलं, मग मला कशाला विचारलंस? तर म्हणाली, वाटलं होतं, यानिमित्तानं तुम्ही निदान नाटक तरी बघाल. मग फोन परत घेत म्हणाली, "पण फोटोंवर सगळं अडलं होतं बाबा. म्हणून मामालाही सांगून ठेवलं. तुम्हीच म्हणता ना, महत्त्वाच्या गोष्टीवर एक संरक्षण असावं."
भांडली असती तर बरं झालं असतं. उत्तर देता आलं असतं. हे तर माझंच वाक्य होतं. डिस्पॅचला सांगितलं की फोन बिघडलाय.

१० मार्च, सकाळी ११
लेक गेली. मामा सोडायला गेला. निघताना पाया पडली, जपून राहा बाबा, म्हणाली. जपून राहण्यात माझा हात कुणी धरणार नाही.
ते गेल्यावर हिनं लेन्स उचलली, रबरबँड गुंडाळला आणि मनगट एकदा फिरवलं. दोन्ही फिल्टर एकदम निघाले. ऐकवलं काहीच नाही. आत लेन्स कोरी करकरीत, ओरखडा नाही की बोटाचा डाग नाही. मला वाटलं होतं, बघून आनंद होईल.
ही लेकीच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, बघू, माझा काढा एक. डोळ्याला कॅमेरा लावला. इतकं स्वच्छ मी या लेन्समधून कधी पाहिलं नव्हतं. हिचे केस किती पिकलेत. डोळे सुजलेले, सकाळपासून रडत असावी. मी कधी विचारलं नाही. बटण दाबवेना. म्हटलं, उजेड बरा नाही, नंतर काढू.
बरं, म्हणून ही उठली आणि केर काढायला लागली.
केर काढताना धूळ फार उडते. फिल्टर परत बसवला. एकच, आणि हलक्या हातानं.