पहिल्या बाईची चौकट

२६ जानेवारी १९५८

त्या शुक्रवारी सकाळी चुलीतली राख काढली, बादली दाराबाहेर ठेवली, लापशी ढवळायला घेतली. ओव्हिला लाकडं आणायला शेडमध्ये गेला होता. कोट न घालताच, दोन मिनिटांचं काम म्हणून. लापशीवर साय धरली तेव्हा हाक मारली. मग बघायला गेले. त्याला आज नऊ दिवस झाले.

आता कामाचं. जमीन गोठलेली आहे, त्यामुळे त्याची शवपेटी वसंतापर्यंत दफनभूमीच्या दगडी खोलीत राहील. ओव्हिलाने काढलेल्या वंशवृक्षात एकच चौकट रिकामी आहे: तीनशे वर्षांपूर्वी फ्रान्सहून राजाच्या जहाजातून इथल्या वसाहतीत लग्नासाठी आलेल्या पहिल्या बाईची. ती भरायची आणि दफनाच्या वेळी कागद पेटीवर ठेवायचा. आठवड्याचं काम.

३ फेब्रुवारी

नणंद आली. दारामागच्या खुंटीवरचा ओव्हिलाचा कोट चर्चला देऊन टाक म्हणाली. म्हटलं, कोट वाटेत येत नाही. खरंच येत नाही. कपाट आवरायला घेतलं की त्याचंही बघू. सध्या वाचन खूप आहे.

१९ फेब्रुवारी

सापडली. बार्ब दुशेन. १६६९ साली नोटरीसमोर जाक गोद्रोशी लग्नाचा करार. जाक म्हणजे आमचा मूळपुरुष. नावावरूनच बाई सरदारघराण्यातली वाटते. सासूबाईंचे चांदीचे चमचे उगीच नव्हते.

लगेच लिहिलं नाही. आधी आईबाप सापडू देत. शिवाय चांगल्या शाईची दौत ओव्हिला फक्त रविवारी, चर्चमधून आल्यावर उघडायचा.

११ मार्च

शहरातल्या दफ्तरखान्याचं पत्र. त्या नावाचे सरदार नाहीत. व्यापारी असतील. व्यापारीही चांगलेच.

२ एप्रिल

दुसरं पत्र. बार्ब पॅरिसच्या अनाथ बायकांच्या आश्रमातून आलेली. लिहिता येत नव्हतं, सहीच्या जागी फुली आहे. नक्कल पाहिली. फुली सरळ आहे. हात स्थिर असणार.

नणंदेला यातलं काही सांगितलं नाही.

१३ एप्रिल

फादर मोरँ घरी आले. करार बघून म्हणाले, "करार म्हणजे लग्न नव्हे, बाई. जहाजातून उतरलेल्या मुलींच्या मागे दहा-दहा पुरुष. त्या एकाशी करार करायच्या, आठवड्याने मोडून दुसऱ्याशी करायच्या. लग्नाची नोंद बघितलीत?"

आमच्या चर्चची जुनी नोंदवही जळालेली आहे हे त्यांनाही ठाऊक आहे. आपली बार्ब तसली नव्हे. त्यांना केकचा दुसरा तुकडा दिला नाही.

२८ एप्रिल

कबरी खणणारा तेलेस्फोर लोखंडी पहार घेऊन जमीन तपासत होता. मी म्हटलं, वरवरच भुसभुशीत असेल, खाली बर्फ आहे.

"गुडघ्यापर्यंत गेली," तो म्हणाला.

म्हटलं, पुढच्या आठवड्यात पुन्हा बघ. घाई करून चालत नाही. बार्बच्या आईचं नाव अजून लागलेलं नाही.

तो टोपी काढून उभा राहिला. मग मीच निघाले.

८ मे

दफन उद्या. शेवटी फादरांनीच तारीख ठरवली.

नणंदेने न विचारता कोट खुंटीवरून काढला आणि ब्रशने झटकायला लागली. खिशातून घडी केलेला कागद पडला. ओव्हिलाचं अक्षर, १४ जानेवारी. त्या मंगळवारी तो दात दाखवायला म्हणून शहरात गेला होता.

'बार्बने नऊ दिवसांत करार मोडला, लग्न दुसऱ्याशी. जाकची बायको कातरीन बिबो. आपली पहिली बाई हीच. रविवारी लिहायचं.'

नणंद कागद वाचून खाली बसली. मग म्हणाली, "अख्खा हिवाळा तुझ्या पाठीमागे लटकत होता, वहिनी."

मी म्हटलं, कोट नीट झटक, कॉलरवर धूळ आहे.

ती गेल्यावर कोट पुन्हा खुंटीला लावला.

९ मे

आजही शुक्रवारच. तरी दौत उघडली. कातरीन बिबो. दुसऱ्या 'ब'वर डाग पडला. कागद पेटीवर ठेवला. तेलेस्फोरने माती लोटली. खाली कुठेही बर्फ नव्हता.

१० मे

सकाळी राख काढली. लाकडं संपली होती. ओव्हिलाचा कोट घालून शेडमध्ये गेले आणि दोन खेपा आणल्या. बाह्या लांब होतात. दुमडून घेतल्या.