सहाच्या प्रार्थनेला दोघे

सोमवार, ४ ऑगस्ट

सकाळी सहाची प्रार्थना पुढच्या सोमवारपासून बंद. पाळकसाहेबांनीच दुजोरा दिला — चर्चच्या दाराशी, माझी नजर चुकवत. "एका माणसासाठी काय चालवायची, संपादक?"

आजवर दोघे तरी होतो, मी आणि नर्सबाई. तिसरं कोणी वर्षभरात फिरकलं नाही. आता बाई शनिवारी लेकीकडे कायमच्या निघाल्यात. उरलो मी!

अकरा वर्षं जातोय. देव भेटावा, एवढंच मागणं. अजून भेटल्यासारखं वाटलेलं नाही — निदान या वहीत तरी खरं लिहावं.

मंगळवार, ५ ऑगस्ट

चहा गाळता गाळता ही म्हणाली, "घरी करा की प्रार्थना. देव काय त्याच इमारतीत राहतो?"

खरं आहे. पण घरी पाच मिनिटांत माझा हात वर्तमानपत्राकडे जातो. निवृत्त झालो तरी दुसऱ्यांचे मथळे दुरुस्त करत बसतो! चर्चच्या त्या कडक बाकावरून उठून पळता तरी येत नाही.

"मग चावी मागा. लाजता कसले? अकरा वर्षं मागायचीच तर सवय केलीत."

गुरुवार, ७ ऑगस्ट

चावी मागितली. पाळक म्हणाले, "बघू." नुसतं बघू!

शुक्रवार, ८ ऑगस्ट

बाईंची शेवटची सकाळ. त्यांच्यासाठी मी प्रार्थना करावी, असं पाळक म्हणाले. उभा राहिलो आणि सवयीने सुटलो — "हे प्रभू, आमच्या भगिनी, वय चौसष्ट, निवृत्त परिचारिका, उद्या सकाळच्या गाडीने..."

बाईंना हसू आवरेना. "अहो संपादक, माझं वय त्याला ठाऊक आहे! बातमी कसली देताय?"

पाळकही हसले. किती दिवसांनी!

निघताना बाई म्हणाल्या, "आम्हाला शिकवलं होतं, पेशंट बेशुद्ध असला तरी उशाशी बसून बोलत राहायचं. उत्तर येत नाही म्हणून उठायचं नाही."

"म्हणजे देव बेशुद्ध?"

"देव कसला! आपण! तो बसलाय उशाशी."

दिवसभर तेच डोक्यात.

शनिवार, ९ ऑगस्ट

बाईंना गाडीत बसवून आलो. मग घरी तासभर नुसता बसलो, वर्तमानपत्राची घडी न मोडता. घडलं काहीच नाही. तरी बरं वाटलं.

रविवार, १० ऑगस्ट

उपासना संपून सगळे पांगल्यावर पाळकांनी थांबवलं. नकारच असणार, असं धरून चाललो होतो. ते बाकावर बसले आणि खाली बघत बोलले.

"दोन वर्षं झाली, मला प्रार्थना करता येत नाही. शब्द म्हणतो, आत काही नाही. तुम्ही दोघे येऊन बसलेले असायचात, म्हणून मी दार उघडायचो. आता समोर तुम्ही एकटेच असणार... सोंग वठलं नसतं. म्हणून बंद केली."

मी म्हटलं, "मलाही अजून काही सापडलेलं नाही."

"अकरा वर्षांत? तरी येता?"

"येतो."



उद्या सहाला चर्च उघडणार आहे. पुढे कोणी उभं राहायचं नाही, असं ठरलंय. पाळक माझ्या शेजारी बसणार आहेत.