पाकिटावरच्या कुंकवाबाबत

प्रति,
मा. पर्यावरण व पुरवठा अधिकारी,
कणगीघर रिटेल, मुख्य कार्यालय,
नागपूर.

अर्जदार : बाबाराव रामाजी नेवारे, निवृत्त कामगार (रोलिंग मिल), राहणार कोहका, भिलाई, छत्तीसगड.

विषय : आपल्या कुरडईच्या पाकिटावर छापलेल्या कै. सौ. तारा बाबाराव नेवारे यांच्या कपाळावरील कुंकू हिरवे झाल्याबाबत.

संदर्भ : अर्जदाराचा पूर्वीचा अर्ज, व 'कार्बन उत्सर्जन वाढेल' असे आपल्या कार्यालयाकडून आलेले उत्तर.

महोदय,

वरील विषय वाचून आपणांस हसू आले असल्यास अर्जदाराची हरकत नाही. हसून झाल्यावर पुढील मजकूर शेवटपर्यंत वाचावा, एवढीच विनंती आहे.

१. पावर हाउस भागातील आपल्या दुकानात पूर्वी जी कुरडई विकली जात असे, ती अर्जदाराच्या पत्नीच्या हातची होती. तारा माहेरची भंडाऱ्याकडची. उन्हाळा लागला की ती गहू भिजत घाली, चीक शिजवी आणि ऊन चढण्याआधी गच्चीवर धुवट धोतर पसरून त्यावर सोऱ्याने कुरडया घाली. कारखान्याकडून वारा सुटला की काजळी बसू नये म्हणून दिवसभर तिथेच राखण करी. वाळलेला माल डब्यांत भरून, डबे सायकलला बांधून दुकानात पोचवणे हे अर्जदाराचे काम. निवृत्तीनंतर त्याला तेवढेच काम उरले होते आणि त्याचा त्याला फार तोरा होता.

२. पुढे आपल्या कंपनीने माल तयार होण्यापासून दुकानात येईपर्यंतचा धूर कमी करण्याचे ठरवले. माल कशावर वाळवता आणि कोणत्या वाहनाने आणता, अशी विचारणा प्रत्येक पुरवठादाराकडे झाली. अर्जदाराने 'ऊन' आणि 'सायकल' एवढेच कळवले. आपले कार्यालय इतके खूश झाले की कॅमेरा घेऊन एक गृहस्थ थेट कोहक्याला आले. येथे अर्जदाराची समजूत चुकली. त्याचे सारे आयुष्य कारखान्यात गेले. फोटो काढला म्हणजे तो गेट पाससाठी, आणि पुढे कागद आला म्हणजे सही करायची, हे त्याच्या अंगवळणी पडलेले. दुकानाच्या मागच्या दारातून माल न्यायला पास मिळणार, अशा समजुतीने त्याने सही केली आणि ताराला बजावले, "हासू नोको वं, गेट पासचा फोटो हाय. दात दिसले त पास रद्द करते." त्यावर ती म्हणाली, "आता या वयात मले प्लांटमंधी भरती करून राहिले का?" आणि पदर तोंडाशी न्यायचे विसरून मनापासून हसली. कॅमेरेवाल्याने नेमके तेव्हाच बटण दाबले.

३. तो फोटो पाकिटावर आला. खाली 'उन्हात वाळलेली, सायकलवर आलेली' असे छापले होते. ताराने दोन दिवस अबोला धरला, आणि तिसऱ्या दिवसापासून घरी येईल त्याला पाकीट दाखवू लागली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात तिने अंथरूण धरले. गच्चीवर धोतर काही पसरले गेले नाही, आणि श्रावणात ती गेली. सवाष्ण गेली. शिवनाथ नदीच्या घाटावर नेण्याआधी तिचा मळवट अर्जदाराने स्वतः भरला, कारण तिने तसे सांगून ठेवले होते. भरताना थोडे कुंकू तिच्या नाकावर सांडले. कोणीतरी ते पुसायला पुढे झाले, तर अर्जदाराची मुलगी रेणू हिने पुसू दिले नाही.

४. तारा गेली, पण पाकिटे येतच राहिली. आतली कुरडई आता कुठल्याशा कारखान्यातून, यंत्रात वाळून, ट्रकमधून येते. फोटो मात्र तोच. पावर हाउसच्या बाजारात एक गाय ते पाकीट चघळत होती. अर्जदाराने ते तिच्या तोंडातून ओढून काढले, तेव्हा लोक त्याला वेडा म्हणाले. नालीत दिसले, चहाच्या टपरीमागे दिसले, तसतसे त्याने उचलून, धुऊन घरी आणले. रेणू सासरहून, पद्मनाभपुरहून आली की रागावते, मग तीच ती पाकिटे पुसून नीट रचून ठेवते. मध्यंतरी आपल्या दुकानाने रिकामी पाकिटे परत करणाऱ्यास तुळशीचे रोप देण्याची योजना काढली. शेजारी म्हणाले, बाबारावांचे तर अंगण भरून जाईल. अर्जदाराने एकही पाकीट परत केलेले नाही.

५. फोटो काढून टाकावा, असा अर्ज तेव्हा अर्जदाराने केला होता. आपले उत्तर आले की छापलेली पाकिटे नष्ट करून नवी बनवल्यास उत्सर्जन वाढेल. तसेच कुरडई, साबण आणि झाडू एकाच ट्रकमधून येत असल्यामुळे एका पाकिटामागचा धूर नगण्य आहे. धूर कमी व्हावा, असे अर्जदारालाही वाटते. भट्ट्यांचा धूर त्याने जन्मभर पाहिला आहे, त्याबद्दल त्याचे काही म्हणणे नाही. फक्त त्या हिशेबात ताराला कोणत्या रकान्यात धरले आहे, हे त्याला अजून समजलेले नाही.

६. आणि आता नवी पाकिटे आली आहेत. शाई वाचावी म्हणून ती एकाच रंगात छापली आहेत, हिरव्या. ताराचा चेहरा हिरवा, दात हिरवे, लुगडे हिरवे. तेवढे अर्जदाराने सोसले असते. पण कुंकूही हिरवे आहे. दुकानाचे व्यवस्थापक कमलेश यांना दाखवले, तर ते फार ओशाळले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "अंकल, अब सब ऐसा ही आएगा." त्यानंतर अर्जदार मिठाच्या पोत्यांजवळ आपल्या दुकानाच्या फरशीवर बसून रडला. ही गोष्ट तो लपवीत नाही. तापात फणफणत असतानाही तिने कधी कपाळ मोकळे ठेवले नाही. जे मरणानेही पुसले नाही, ते आपल्या कार्यालयाने शाईच्या बचतीत पुसले.

७. त्या दिवशी अर्जदाराने एक पाकीट विकत घेतले, घरी आणले आणि ताराच्या करंड्यातले कुंकू बोटाने त्यावर लावले. या वेळी ते नाकावर सांडले नाही. ती पुन्हा पहिल्यासारखी हसू लागली. दुसऱ्या दिवशी अर्जदार करंडा घेऊन दुकानात गेला आणि मांडणीवरच्या पाकिटांना कुंकू लावू लागला. चौकीदाराने त्याचा दंड धरला. कमलेश मध्ये पडले म्हणून पोलिसांपर्यंत गोष्ट गेली नाही. मात्र वरून परवानगी आणल्याशिवाय आता त्याला मांडणीजवळ जाता येत नाही, म्हणून हा अर्ज.

८. फोटो काढून टाकण्याबाबतचा पूर्वीचा अर्ज अर्जदार मागे घेत आहे. घरात ताराचे हसतानाचे दुसरे छायाचित्र नाही. लग्नातल्या फोटोत तिची मान खाली आहे, आधार कार्डावर ती घाबरलेली आहे. तिला बाजारातून घरी आणतो आहोत, असे तेव्हा त्याला वाटत होते. पण पाकिटे बंद झाली, तर घराबाहेर ती कुठेच हसणार नाही.

सबब विनंती अशी की, अर्जदारास रोज सकाळी दुकान उघडताना कुरडईच्या मांडणीजवळ बसून पाकिटांना कुंकू लावण्याची परवानगी मिळावी. यास शाई लागत नाही, वीज लागत नाही, यंत्र लागत नाही. अर्जदार सायकलने येईल. करंड्यातले कुंकू तळाला गेले आहे. ते संपल्यावर तो पदरचे आणील. कोणी गिऱ्हाइकाने विचारलेच, तर आतली कुरडई तिच्या हातची नाही, हे तो कोणालाही सांगणार नाही. तसे तो लिहून द्यायला तयार आहे.

आपल्या होकाराची वाट पाहणारा,

(सही)
बाबाराव रामाजी नेवारे
कोहका, भिलाई
दि. ९ मार्च २०२५

सोबत : कुरडईचे रिकामे पाकीट, एक. कुंकू अर्जदाराने लावले आहे. आवक शिक्का मारताना कृपया कपाळ सोडून मारावा.