गुडघ्यावरचा हलवा

कुंभकोणम्,
ता. १८ जानेवारी १९५६

चिरंजीव व्यंकोबास आजीचे उदंड आशीर्वाद.

अमेरिकेत जाऊन एवढं रसायनशास्त्र शिकलास, पण बाटलीवर नावाचा कागद डकवायला विसरलासच. लहानपणी पाटी विसरायचास, तसाच. इथं आम्ही खुशाल. तुझा बाप अप्पारावही खुशाल. व्हिस्कीच्या कारखान्यात तू चव बघायला बसतोस हे कळल्यापासून सव्वा वर्ष त्यानं तुला एक ओळ लिहिली नाही, तो हट्टही धडधाकट आहे.

तुझा मित्र वैद्यनाथ तिकडून आला, खोकल्याच्या औषधाची असते तसली बाटली ठेवली, "आजींसाठी" म्हणाला आणि कापीचा घोटसुद्धा न घेता पळाला. इथं दारूबंदी आहे ना, पळेल नाहीतर काय!

मला वाटलं, गुडघ्याचं तेल. बसले चोळत. तेवढ्यात अप्पाराव अंघोळ करून आला नि दारातच थबकला.

"आई, गव्हाचा हलवा केलास? मला न देता?"

मी गुडघा हुंगला. खरंच रे! बोट चाटलं. विठोबाची क्षमा मागितली, पण नंतर. तेव्हा उजेड पडला. तूच कळवलं होतंस ना, बाकीचे व्हिस्कीत मक्याबरोबर राय नावाचं तिखट धान्य घालतात, तुम्ही गहू घालता म्हणून?

मग औषधाच्या पळीनं नीट परीक्षा केली. आधी खरपूस गूळ, मागून तूप, मग छातीत ऊब. घशाला ओरखडा नाही, हा गव्हाचा गुण. मका पुढे धावतो, गहू त्याला हात धरून चालवतो. शेवटी मात्र जीभ कोरडी पडते. मुरवायचं लाकडी पीप आतून जास्त जाळलंत. मालकाला सांग, कुंभकोणमची म्हातारी म्हणाली.

तुझ्या बापाला म्हटलं, "हा हलवा तुझ्या लेकानं केलाय." त्यानं तोंडाला लावली नाही, पण बाटली नाकाशी धरून इतका वेळ उभा राहिला की त्याची कापी निवली. मग म्हणाला, "वाईट माल करत नाही पोर."

अक्षर बघून पहिल्याच ओळीला दचकला असशील. एरवी माझी पत्रं लिहिणारी तुझी बहीण भवानी पोंगलच्या सणाला सासरी तिरुविडैमरुदूरला गेली. ती नाही, तर घरात मराठी लिहिणारं दुसरं कोण? म्हटलं, "अप्पा, तू कुठं लिहितोस? लिहिते मी, हात तेवढा तुझा." तेव्हा बसला. त्याचं ते "पोर"वालं वाक्य गाळायला बघत होता. मला वाचता येत नाही, पण हात किती चालला ते दिसतं.

यंदा अक्रोड पाठवू नकोस. तुझ्या बापाचे पुढचे दोन दात गेले. हे लिहू नको म्हणून माझ्यावर डोळे वटारतोय, पण लिहितोय. मऊ मनुका पाठव.

तुझी आजी त्रिपुरसुंदरी, तिचा अंगठा.

ता. क. हे आई सांगत नाही. मनुका बिनबियांच्या पाठव.
— बाबा