एडक्याच्या फाइलमधलं पत्र

प्रिय मॅन्सी,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला. पण धाकटा भाऊ आहेस, नाइलाज आहे.

तू शेटलंडहून एडका आणलास तेव्हा विकणाऱ्याला काय सुनावलंस, ते सगळ्या बेटाला पाठ आहे. रक्ताचा रिपोर्ट दाखव, मगच जनावर बोटीत चढेल! त्या एडक्याच्या सात पिढ्या तुला तोंडपाठ आहेत, कुठल्या मेंढीला काय आजार होता त्यासकट. आणि आपली आई छातीच्या कॅन्सरने सेहेचाळिसाव्या वर्षी गेली, बेलाताई एक्केचाळिसाव्या, त्याला मात्र तू नशीब म्हणतोस.

तीन वर्षांपूर्वी माझ्या रक्तात या कॅन्सरचा आनुवंशिक दोष निघाला. इस्पितळवाले नातेवाइकांना आपणहून कळवत नाहीत. त्यांनी तुझ्यासाठीचं पत्र माझ्याच हाती दिलं आणि मी ते मेंढवाड्यात आणून दिलं. तू हातसुद्धा पुसले नाहीस. म्हणालास, "हा बायकांचा रोग. माझ्या पोरीच्या कानावर घातलंस तर या घराची पायरी चढू नकोस." मी समजावलं की आईकडून तो दोष तुझ्यातही आला असेल आणि तुझ्यातून तुझ्या पोरीकडे, थोराकडे जाईल. तू शीळ घालून कुत्र्याला बोलावलंस आणि निघून गेलास. मी पत्र तिथेच ठेवून आले आणि गप्प बसले. एकतीस वर्षांच्या शहाण्या भाचीला तिच्या बापाच्या परवानगीवाचून सांगायची हिंमत झाली नाही मला. तुझा राग येतो त्याच्या दुप्पट माझा मला येतो, पण म्हणून तुझा कमी होत नाही.

या एप्रिलमध्ये थोरा कोकरांच्या दिवसांत मदतीला आली होती. नोंदणीसाठी एडक्याची फाइल आणायला तूच तिला पाठवलंस. मी दिलेलं इस्पितळाचं पत्र त्यातच होतं, न फोडलेलं. इतक्या जपून ठेवलेल्या कागदांत ते ठेवलंस, म्हणजे महत्त्वाचं आहे हे तुला कळत होतं ना रे? तिने ते फोडून वाचलं, खिशात घातलं, संध्याकाळी तुला जवाच्या भाकऱ्या आणि चीज वाढलं, आणि अॅबर्डीनला परत जाऊन एकटीने रक्त दिलं.

दोष निघाला. म्हणजे तो तुझ्यातही आहे. पुढच्या तपासणीत डाव्या बाजूला वाटाण्याएवढी गाठही निघाली. लवकर सापडली, असं डॉक्टर म्हणतात. तीन वर्षांपूर्वी ती नव्हतीच, असं मी म्हणते.

गुरुवारी ऑपरेशन आहे. तुला फोन करायचा तिला धीर होत नाही. मला म्हणाली, "आत्या, बाबांवर चिडू नकोस, ते घाबरले असतील. फक्त त्यांना यायला सांग." म्हणून हे पत्र. तिने तुला माफ केलंय, मी केलेलं नाही. बुधवारच्या बोटीने निघ. मेंढ्यांकडे शेजारचा रॉबी बघेल, त्याला सांगून ठेवलंय. तिथे नर्स विचारेल, घरात आणखी कुणाला आहे? तेव्हा आईचं नाव सांग, बेलाताईचं सांग, माझं सांग. आणि मग थोराचा हात धरून, तिच्यासमोर, तुझं स्वतःचं सांग.

तुझीच,
इंगाताई