डोळे मिटून ठेवलेलं बोट

प्रिय आई,

प्रभूच्या नावात तुझ्या धाकट्याचा सलाम. मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवतो.

गेल्या आठवड्यात जरा पेच पडला होता. एका सातमजली इमारतीची लिफ्ट तपासताना तिच्या दोरातल्या काही तारा तुटलेल्या दिसल्या. साहेब म्हणाले, "अजून सहा महिने काही होत नाही. लिफ्ट ठीक आहे म्हणून सही कर, नाहीतर दुसरं काम बघ."

मग मी तुझ्यासारखंच केलं. प्रार्थना केली, डोळे मिटून पवित्र शास्त्र, आपलं बायबल, उघडलं आणि बोट ठेवलं; बोटाखाली येईल ते वचन देवाचं उत्तर. निघाली वंशावळ. पुन्हा ठेवलं, तर मंदिराची लांबी-रुंदी. तिसऱ्यांदा ठेवणार, तेवढ्यात माझीच मला लाज वाटली. उत्तर ठाऊक होतं, मी देवाकडे पळवाट मागत होतो. शास्त्र मिटून नुसता बसून राहिलो, तर सातव्या मजल्यावरच्या चाकाच्या खुर्चीतल्या आजी डोळ्यांसमोर आल्या.

सकाळी लिफ्ट बंद करून पाटी लावली. साहेब अजून बोलत नाहीत, पण काल नवा दोर आला. तोवर वॉचमन आणि मी आजींना खुर्चीसकट खाली-वर नेत होतो. "माझं वजन तुझ्या साहेबाला कळव," म्हणाल्या.

तुझा गुडघा कसा आहे? बाबा गोळ्यांची आठवण करून देतात ना?

आणि एक विचारायचं होतं. मी इकडे यायला निघालो तेव्हा तू बोट ठेवलंस आणि नेमकं धीर देणारं वचन निघालं. खरं सांग, तेव्हा डोळे मिटले होतेस ना?

तुझ्या प्रार्थनेतला,
धाकटा